दुसरी गोळी वर आलीच नाही

माझी शेवटची पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होती. मी बटालियनमध्ये आर्मरर हवालदार होतो. हत्यारं तपासणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. नाईक आबा खरात आमच्याच बटालियनचा. मी कडेगावचा, तो माण तालुक्यातला. लंगरमध्ये जेवायला आम्ही शेजारी बसायचो आणि गावाकडचं बोलायचो.

एकदा रेंजवर आबाच्या हातातलं पिस्तूल मधेच थांबलं. तो ओरडला, "स्टॉपेज, सर!"

कंपनी कमांडरांनी मला बोलावलं. "आर्मरर, जब तक तुम नहीं बोलोगे, ये किसी की कमर पे नहीं जाएगा."

"जी, सर."

विषय तिथंच संपला. फौजेत बंद पडणारं हत्यार जवानाला देत नाहीत, एवढी साधी गोष्ट. बाहेर आल्यावर कळलं की ही साधी गोष्ट इथं कुणाला पटवून सांगावी लागते.

निवृत्तीनंतर मी उसाकडं लक्ष घातलं. आबाच्या रानाला पाणी नव्हतं. त्यानं एका सिक्युरिटी एजन्सीत नाव घातलं, आणि एजन्सीनं त्याला सांगलीत एका सराफी दुकानाच्या दारात उभं केलं. कमरेला एजन्सीचंच बत्तीस बोअरचं छोटं पिस्तूल. एक दिवस त्याचा फोन आला.

"गड्या, ह्यो डबा काय कामाचा न्हाई. एक गोळी सुटती, दुसरी वर येतच न्हाई. जरा बघून जा की."

मी दुपारी गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत गोळ्या काढून पिस्तूल उघडलं. लहान पिस्तुलाची वरची स्लाइड जेमतेम मागं जाते आणि लगेच पुढं येते. तेवढ्या वेळात मॅगझीनच्या स्प्रिंगनं पुढची गोळी वर ढकलायला हवी. इथं ती स्प्रिंग मेलेली होती. मॅगझीनचे गोळी धरणारे काठ फाकलेले होते. गोळीचं नाक नळीच्या तोंडाखालच्या उतारावर जाऊन अडकत होतं. साफसफाई करून हे सुटणारं नव्हतं. मॅगझीन बदलायला हवं होतं, आणि बदलल्यावर रेंजवर चालवून बघायला हवं होतं.

आम्ही दोघं एजन्सीच्या ऑफिसात गेलो. आबानं नवं मॅगझीन मागितलं. मॅनेजरनं खुर्चीवर बसा असंही म्हटलं नाही.

"खरात, तुम्हाला गोळ्या मारायला कोण सांगतंय? कमरेला दिसलं की चोर येत नाहीत. तेवढ्यासाठीच असतं ते."

आबा म्हणाला, "साहेब, आन् आलाच तर?"

"बघू पुढच्या महिन्यात."

मी म्हणालो, "मग तोपर्यंत खेळण्यातलं द्या. निदान ह्याला माहीत तरी असेल."

मॅनेजर हसला. ते हसणं आजही आठवलं की माझ्या कपाळाची शीर उठते.

जिन्यावर मी आबाला म्हणालो, "सोड ही नोकरी. आजच सोड."

"सोडून जाऊ कुठं? आन् आत ती पोरीबाळी काऊंटरवर माझ्या भरवशावर बसत्यात रं."

त्यानंतर काही आठवड्यांनी, सकाळी दुकान उघडलं त्याच वेळी, मोटरसायकलवरून दोघं आले. एकाच्या हातात गावठी कट्टा होता. पुढचं मला काऊंटरवरच्या मुलीनं सांगितलं. आबा ओरडला, "थांब! मागं हो!" त्यानं एक गोळी जमिनीत मारली. ते थांबले नाहीत. त्यानं नेम धरला, घोडा ओढला. काही झालं नाही. त्यानं मॅगझीनवर थाप मारली, स्लाइड मागं खेचली, पुन्हा घोडा ओढला. फौजेत शिकवलेलं सगळं त्यानं त्या दारात केलं. गोळी अडकलेलीच राहिली.

मग त्यानं हात वर करून शटर खाली ओढलं. तो बाहेर राहिला.

कट्ट्याची गोळी त्याच्या पोटात लागली. माणसं जमायला लागली तसे ते दोघं पळाले. आबाला मिरजेला हलवलं. मी पोचलो तेव्हा ऑपरेशन थिएटरचा दिवा लागलेला होता. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आबा गेल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात एजन्सीचा तोच मॅनेजर इन्स्पेक्टरांना सांगत होता, "गार्ड घाबरला. हत्यार हाताळता आलं नाही."

घाबरला! खोऱ्यात बंद घराच्या दारातून पहिला आत जाणारा माणूस. मी तिथंच उभा होतो. म्हणालो, "इन्स्पेक्टर साहेब, पिस्तूल जप्त केलंय ना? पंचांसमोर उघडा. गोळी कुठं हाय ते बघा, मग ह्यांना विचारा कोण घाबरलं."

उघडलं. गोळी उतारावर नाक खुपसून बसली होती. पंचनाम्यात ते आलं, आणि माझा जबाबही झाला. हल्लेखोर पकडले गेले. मॅनेजरवरची केस अजून चालू आहे. तारीख पडते, मी जातो.

आबाला मानवंदनेच्या फैरी नव्हत्या. वर्दी उतरवलेल्या माणसाला त्या कोण देणार? आम्ही माजी सैनिक टोप्या घालून त्याच्या गावी गेलो आणि सॅल्यूट केला. एजन्सीनं फुलांचं चक्र पाठवलं होतं. आबाची बायको रखमा वहिनी रडत नव्हती. चक्र आणणाऱ्या माणसाला तिनं अंगणातच थांबवलं.

"आवं, ही फुलं परत न्या. आमच्या ह्यांनी तुमच्याकडं मॅगझीन मागितलं हुतं."

नाईक आबा खरात त्या दारात मेला. शटरच्या आतली सगळी माणसं त्या रात्री आपापल्या घरी जेवली.