उतारावरचा पहिला ब्रेक

तिच्या बापाने जाताना दुकान मुलाला दिलं आणि दुकानामागचा खड्डा मुलीला. खड्डा म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा सिमेंटचा चर, तेलाने काळाकुट्ट झालेला. दुकान मोठ्या रस्त्यावर, काचेचं, गाड्यांच्या सुट्या भागांनी गच्च भरलेलं. खड्डा मागच्या बोळात. मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी. भाऊ खिडकीतून माल द्यायचा, बहीण तो गाड्यांना बसवायची.

मग एकदा भावाने चांगल्या कंपनीच्या खोक्यात हलक्या प्रतीचे ब्रेक पॅड घालून दिले. तिने विश्वासाने बसवले. ती गाडी कुंपणाच्या भिंतीवर गेली, गाडीवाला जन्माचा लंगडा झाला, आणि भाऊ चारचौघांत म्हणाला, "माल चोख होता. बसवणाऱ्याचा हात चुकला असेल."

त्याच दुपारी तिने विटा आणल्या आणि खिडकी स्वतः बुजवली. वरून गिलावा केला नाही. मुद्दाम. गिलावा केला की माणूस विसरतो.

बोळात तिला सगळे ब्रेकवाली म्हणत. इंजिनाला ती हात लावत नसे. "पळवायला काय, कुणीही पळवील," म्हणे. तिच्या तोंडाला लगाम नव्हता. गिऱ्हाईक आलं की, "ब्रेक दाखवायला आलास की थोबाड? कर पुढे गाडी." तरी लोक येत, कारण तिची एक रीत होती. नवे पॅड बसवले की गाडीची पहिली फेरी तिची. वेग घ्यायचा, दाबायचं, पुरतं थांबू न देता सोडायचं, पुन्हा वेग घ्यायचा. पॅड आणि चाकातली डिस्क एकमेकांना घासून, तापून, ओळखीचे होईपर्यंत हे चालायचं. मग गाडी निवेपर्यंत ती कुणाला हात लावू देत नसे. तोवर किल्ली मागणाऱ्याला ती जे ऐकवी, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा बाईच्या दारात एका सकाळी तिचा भाचा आला. भावाचा एकुलता एक. बुटकी, रुंद चाकांची, भडक पिवळी गाडी घेऊन, आणि बगलेत बापाच्या दुकानातलं खोकं.

ती खड्ड्यातून वर न येताच म्हणाली, "वाट चुकलास का? दुकान पुढे आहे."

"आत्या, पॅड बसवायचेत."

"आज आत्या आठवली? लग्नात तर मी मेले होते."

"बोलावणं बाबांनी पाठवायचं होतं."

"आणि तुझे हात काय भाड्याने दिले होते?"

त्याने खोकं पुढे केलं. तिने वर येऊन हात पुसले, खोकं उघडलं, एक पॅड नाकाजवळ नेला, नखाने खरवडला आणि परत आत टाकला. "हे शर्यतीचे आहेत. शर्यत लावणार आहेस कुठे?"

"घाटात कंपनीचे पॅड धापा टाकतात, आत्या. खाली उतरेपर्यंत जळका वास येतो आणि पेडल दाबलं तरी गाडी सरकतच राहते. मागच्या महिन्यात वळणावर मरता मरता वाचलो."

हे खोटं नव्हतं. तिने चाक काढून जुने पॅड पाहिले. तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. "बदलायला हवेत, खरं आहे," ती म्हणाली. "पण हे नाहीत. ही जात तापल्याशिवाय जागी होत नाही. थंड असली की दगड. तुझं घर कुठे आहे?"

"टेकडीवर. तुला माहीत आहे की."

"मला कसं माहीत असणार? मी आले आहे का कधी? लोक सांगतात तेवढं. सकाळी पोरीला घेऊन निघतोस. रात्रभर थंड पडलेली चाकं, फाटकाबाहेर लगेच उतार, आणि उताराच्या तळाशी शाळा. पहिला ब्रेक तिथे लागतो. रस्त्यात लोकांची पोरं, मागच्या सीटवर तुझी."

त्या पोरीला तिने एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. लांबून, रस्त्यापलीकडून पाहिलं होतं तेवढंच.

"मग काय घालू?"

"मधली जात असते. थंडही धरते, घाटातही तग धरते. शर्यतीला नाही चालणार, पण तू कुठला शर्यतीवाला."

"बाबांकडे ती नाही."

"चौकातल्या दुकानात आहे."

चौकातलं दुकान म्हणजे बापाचा हाडवैरी. भाच्याचा चेहरा पडला. "बाबांनी हे माझ्यासाठी खास मागवलेत. गावभर सांगून बसलेत. आत्या, शहाणपण नको, फक्त बसव."

"बसवते. पण किल्ली मला दे, आणि उद्या सकाळी तुझ्या बापाला घेऊन ये. मापाने बघू."

तिने पॅड बसवले, आपल्या रीतीने पुरती फेरी केली, गाडी रात्रभर बोळात थंड होऊ दिली. कुणी म्हणायला नको की काम कच्चं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोळात. इस्त्रीचा सदरा, नाकाला रुमाल.

"या शेठ," ती म्हणाली. "वास येतोय का? आपल्या बापाचाच आहे."

"ताई, पोराचं डोकं फिरवू नकोस. खिडकीचा राग पोरावर काढू नकोस."

"राग काढायचा असता तर मुकाट्याने बसवून दिले असते."

बोळाच्या वरच्या टोकापासून जुन्या गोदामापर्यंत उतार आहे, वर्दळ नसलेला. भाच्याने रिकामा तेलाचा डबा उचलला. शाळेच्या उतारावर ब्रेक दाबल्यावर जेवढ्यात थांबतो, एका विजेच्या खांबापासून तेवढ्याच अंतरावर, अगदी ऐटीत, त्याने तो रस्त्यात ठेवला. ब्रेकवालीने भावाला शेजारी बसवलं. वरून गाडी सोडली, त्या खांबापाशी पेडल दाबलं. चाकं कुरकुरली. गाडी थांबली खरी, पण थांबायच्या आधी डबा चेपून, खडखडत गोदामाच्या दारापर्यंत घेऊन गेली. भावाने सदऱ्याच्या आत घाम गाळत दोन्ही पाय खालच्या चटईत रुतवले होते.

उतरल्यावर त्याला वाचा फुटली. "बाईचा पाय आहे तो! जोर कुठून येणार? आण इकडे किल्ली."

"घे. दाब. तुझा पाय लोखंडाचा."

तो रागाच्या भरात गाडी घेऊन बाजाराकडे गेला. मोठ्या रस्त्यावरून वळसा घालत, प्रत्येक गतिरोधकावर करकचून दाबत, आवाज करत, लोकांना दाखवत. परत आला तो त्याच उताराने खाली. त्याच खांबापाशी दाबलं, आणि गाडी भाच्याने पुन्हा उभ्या केलेल्या डब्याच्या बरीच अलीकडे, नाक खाली घालून, जागच्या जागी थांबली.

"बघितलंस?" भाऊ ओरडला. बोळातली माणसं दारात आली होती, त्यांनाही त्याने विचारलं, "बघितलंत ना? हिला काम येत नाही, आणि मालाला नावं ठेवते! तेव्हाही हेच झालं होतं!"

भाच्याने सुस्कारा सोडला. त्याला बापावर विश्वास ठेवायचाच होता, म्हणून सोपं गेलं. "आत्या, दे सोडून. झालं आता."

तिने पुढे होऊन गाडीतून किल्ली काढली आणि मुठीत धरली. "झालं नाही. तापवून आणलेस. बस."

"म्हणजे?"

"म्हणजे चाकं निवू दे. मग पुन्हा तूच चालव. तुझाच पाय, तुझाच माल. मी हात लावत नाही."

"मला दुकान आहे!"

"मला काय देऊळ आहे? बस म्हटलं ना."

लोक बघत होते, त्यामुळे त्याला उठून जाता येईना. तिघं बसले. ती खड्ड्याच्या कडेवर, भाऊ दुसऱ्या एका उलट्या डब्यावर, भाचा उंबऱ्यात. एकाच रक्ताची तीन माणसं, पण ओळख नसलेल्या तिघांनी सावलीसाठी एका झाडाखाली थांबावं तशी. पाणी तिने विचारलं नाही. भावानेही मागितलं नाही. मधूनच ती उठे, हाताची मागची बाजू चाकाजवळ धरी, मान हलवी आणि परत बसे.

"बापाने तुला लाडावून ठेवलं होतं," भाऊ मध्येच म्हणाला.

"म्हणून तर खड्डा दिला," ती म्हणाली.

बोळातली माणसं कंटाळून आपापल्या कामाला लागली.

ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा तिने चाकावर सरळ तळवा टेकवला, आणि किल्ली भावाच्या पुढ्यात फेकली. "ऊठ. शाळेत जायची वेळ झाली."

तो उठला. किल्ली उचलली. गाडीचं दार उघडलं, आत बसला, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या डब्याकडे बघत राहिला. इंजिन सुरू झालं नाही. मग तो उतरला. सदरा नीट केला. डब्यापाशी गेला आणि तो उचलून गोदामाच्या दिशेने चांगला लांब नेऊन ठेवला.

भाचा उंबऱ्यात उभा होता. त्याने ते पाहिलं. ब्रेकवालीने डब्याकडे नाही, भाच्याकडे पाहिलं.

"बाबा," भाचा म्हणाला, "डबा का हलवला?"

"मधोमध होता. नीट ठेवला."

"बाबा, शाळा हलवता येते का?"

भावाचं तोंड लालबुंद झालं. "त्या चौकातल्या भामट्याकडून एक खिळा जरी आणलास, तर माझी पायरी चढू नकोस!" किल्ली रस्त्यात आपटून तो बोळातून निघून गेला. नाकाला रुमाल लावायचाही राहून गेला.

भाच्याने किल्ली उचलली. खाली बघतच विचारलं, "मधली जात म्हणालीस ती... काय सांगून मागायची?"

"घाटासाठी हवेत आणि रोजच्या वापरालाही, एवढं सांग. आणि खोकं इथे माझ्यासमोर उघडायचं, तिथे नाही. आणि पायी जा. गाडी इथेच राहील."

"बाबा आता घरात घेणार नाहीत."

"नाही घेणार," ती म्हणाली. आवाजात मायेचा ओलावा नव्हता, समाधानही नव्हतं. "जॅक लाव आधी, मग रड. आणि पहिली फेरी माझी."