फोनच्या पलीकडे कौसामावशी

लग्नानंतर लातूरकडचं गाव सोडलं, त्या दिवशी आई स्टँडवर रडली नाही. नवरा ट्रंक टपावर चढवत होता आणि ती खिडकीखाली उभी राहून सूचना देत होती. "तिकडं गप ऱ्हाऊ नको बग. गप ऱ्हायलीस की लोकं कामाला लावतेत अन् जेव म्हणत न्हाईत." एसटी हलली तरी तिचं चालूच होतं. पुढचं मला ऐकू आलं नाही.

मग पुण्याजवळचं थेरगाव. डांगे चौकाच्या मागं एक खोली, काही वर्षांनी दोन. नवरा चाकणला कंपनीत, पुढं मीही एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. लाइनवर हिंदी, सुपरवायझरशी तुटकं इंग्रजी, बिल्डिंगमधल्या बायकांशी पुण्याच्या वळणाचं मराठी. गावाकडचं बोलणं फक्त फोनवर उरलं. इकडं आलेल्यांना हे सांगायची गरज नाही. तिकडं राहिलेल्यांना वाटतं, आम्हाला शहराचा तोरा आलाय. तसं काही नसतं. दिवसभर कानावर जे पडतं तेच तोंडात बसतं.

वडील गेले आणि आई आमच्याकडे राहायला आली. त्यानंतर कंपनीनं आमची लाइन बंद केली. मुलगी कमवायला लागली होती, मला स्वयंपाकाचे डबे करायचे नव्हते, म्हणून बी.ए.ला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहिली. "बसा," म्हटलं, "मलाही बसायचंय." वर्ग हसला. सानिया नावाच्या मुलीनं सरकून जागा दिली. तिच्या वडिलांचं काळेवाडीत गॅरेज आहे. "काकू, पुढच्या बाकावर जाऊ नका हां," ती म्हणाली, "सर तुम्हालाच शिकवायला लावतील." तिथून आमची जोडी जमली. ती मला टायपिंग शिकवायची, मी तिला वेळेवर उठवायची.

दुसऱ्या सत्रात भाषेच्या मॅडमनी एक काम दिलं. आपल्या भागात बाहेरून आलेल्या एका वयस्क माणसाचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं. माणूस सलग बोलला पाहिजे, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. मी तिथल्या तिथं आईचं नाव सांगितलं. अभ्यास हे अर्धंच कारण होतं. आईचा आवाज बसला होता, तपासण्या झाल्या होत्या आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आणि आवाज?" मी विचारलं. "जीव वाचेल," ते म्हणाले. 

त्याच दिवसांत गावाहून निरोप आला. रस्ता रुंद करताना आमचं घर पाडलं होतं. आईची धाकटी बहीण कौसामावशी गावातच असते. तिचं आणि माझं ठरलं, एवढ्यात आईला सांगायचं नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सानिया घरी आली. तिनं आईसमोर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. आईनं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात आरती सुरू केली.

"आई, आरती नको. रोजच्यासारखं बोल."

"कुणाला?"

"फोनला."

"फोनला कोण बोलतंय? फोनवर माणसाला बोलतेत. पलीकडं कुणी न्हाई तर मी काय भिताडाला बोलू?"

सानियाला हसू आवरेना. "आजी, समजा, पलीकडं तुमची बहीण आहे."

आईनं आम्हा दोघींकडं पाहिलं. मग सरळ फोन उचलून कानाला लावला. सानिया तिला थांबवणार होती, मी हातानंच राहू दे म्हटलं.

"कौसे, काय करलालीस गं?" आई म्हणाली आणि थांबली. कौसामावशी सावकाश बोलते, तेवढीच थांबली. "व्हय का? अन् म्हईस दूध देती का लाथाच घालती?" परत थांबली. मग हसली, मान हलवली. "तुज्या सासूवर गेलीय ती." एकेक विचारपूस, मध्ये तेवढीच जागा. घसा दुखायला लागला तेव्हा "ठिवते" म्हणाली आणि फोन सानियाच्या हातात दिला.

ऑपरेशन नीट झालं. आई आता बोलत नाही. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. तिला लिहिता येत नाही, त्यामुळे काही हवं असेल तर बोट दाखवते किंवा टाळी वाजवते.

मॅडमनी रेकॉर्डिंग ऐकलं. बाई चांगल्या आहेत, त्यांनी दोनदा ऐकलं. म्हणाल्या, "हा अर्धा संवाद आहे हो. मधली शांतता कापा, नाहीतर दुसरा नमुना घ्या." आईचा दुसरा नमुना मिळणार नव्हता. सानियानं कापायचं कसं ते दाखवलं. कापून ऐकलं तर आई फौजदारासारखी प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटली होती. ते मी पुसून टाकलं, मूळचं तसंच ठेवलं आणि सानियाच्या दादीचं बोलणं घेऊन काम दिलं. मार्क बरे पडले.

मग कौसामावशी भेटायला आली. सोबत ज्वारीच्या पापड्या आणि एक कोंबडा. आईनं कोंबड्याकडं बोट करून कपाळावर हात मारला. "तर काय, रिकाम्या हातानं येऊ?" मावशी म्हणाली. मग तिनं सगळ्या भावकीची हकीकत सांगितली. ती संपली. दोघी बहिणी समोरासमोर, एकीला बोलता येईना, दुसरीला सुचेना. काहीतरी करायचं म्हणून मी ते रेकॉर्डिंग लावलं.

"कौसे, काय करलालीस गं?"

मावशी दचकली. आईचं तोंड मिटलेलं आणि आवाज मात्र आईचा. मग तिला कळलं असावं. "हितंच हाय की गं, तुज्यापुढं," ती म्हणाली. म्हशीचं विचारलं तेव्हा म्हैस विकल्याचं सांगितलं. सासूवरून फोनमधली आई हसली, मावशीही हसली, आणि कॉटवर बसलेल्या आईचे खांदे हलले. एकही उत्तर पुढच्या प्रश्नावर आदळलं नाही. आईनं आपल्या बहिणीचं माप बरोबर धरलं होतं.

मी हे सगळं कागदावर उतरवलेलं, पुढं काय येतं ते मला ठाऊक होतं. फोन बंद करायला हात पुढं केला. आईनं माझं मनगट धरलं.

"आमचं घर झाडून घेतीस न्हवं गं आठवड्याला?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं.  मग खाली बघत म्हणाली, "घर न्हाई गं अक्का. रस्त्यात गेलं. पार चौकटीसकट."

रेकॉर्डिंगमधली शांतता अजून थोडी उरली होती. मग फोनमधून आई म्हणाली, "बरं झालं माय. तूच हाईस म्हणून."

मनगटावरची पकड सैल झाली नाही. आई रडली नाही, फोनकडं बघत राहिली. मला कुणी गाव विचारलं की मी अजूनही तेच नाव सांगते. पण तिथं उतरून जायचं कुणाकडं, तर मावशीकडं. मावशी आहे तोवर.

"जेवलीस का?" फोननं विचारलं.

"न्हाई अजून," मावशी म्हणाली आणि उठून आईच्या शेजारी कॉटवर जाऊन बसली.