पानी आणि पाणी

मी लिहावं एवढा मोठा नाही, चुकलं तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पारनेरकडच्या पाणलोटावरचा माझा प्रकल्प खोलीतल्या मित्राने जसाच्या तसा उतरवला. दोन्ही सारखे दिसल्यावर सरांनी आम्हाला बोलावलं आणि मला वाचायला लावलं. मी घरच्यासारखं ‘पानी’ वाचलं.

सर हसले. “बोलतोस पानी आणि लिहितोस पाणी? कुणाचं छापलंस?”

“माझंच हाय, सर. ‘ण’ कुठं येतो ते शब्दकोशात बघून लिवलंय.”

मित्र खाली बघत उभा राहिला. खोलीवर आल्यावर म्हणाला, “भावा, उद्या सांगतो ना सरांना.”

काल निकाल कळला. तो पास झालाय. माझ्यावर कॉपी केस झाली आहे.