जुळे तापमापक

कल्पना करा, तुमच्यासमोर लसींचे दोन फ्रीज आहेत, प्रत्येकात एक तापमापक. दोघांच्या वायरी एकाच कम्प्युटरला जोडायच्या आहेत. कम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली त्यांना नंबर देते ते आल्या क्रमाने. वायर काढून घातली की नंबर बदलू शकतो. म्हणून तुम्ही नियम लिहिता: ह्याचं नाव कायम 'डावा फ्रीज', त्याचं 'उजवा'. पण ओळखणार कशावरून? कारखान्याने दोघांना सिरीयल नंबरही एकच दिलाय. मग उरतो पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची खाच. वायर ज्या पोर्टात, त्या पोर्टाचं नाव तिचं.

दवाखान्याच्या कम्प्युटरवालीने तेच केलं होतं. स्क्रीनवर नावं झळकली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

परवा स्क्रीनवर उजवा फ्रीज तापू लागला. थोरल्या नर्सने, जिला सगळे माई म्हणतात, त्यातल्या कुप्या घाईघाईने डाव्यात हलवल्या. शेवटचा ट्रे ठेवताना माईंचा हात थबकला. तापलेला होता तो डावाच.

सगळा साठा फेकावा लागला. खापर फुटलं रंगाऱ्यांवर. गेल्या आठवड्यात भिंती रंगवायला टेबल सरकवताना त्यांनीच वायरी उलटसुलट खुपसल्या असणार.

"तोंड पाडून बसू नकोस गं," माई म्हणाल्या. "तुझी नावं बरोबरच होती."

होती का? पहिल्या दिवशी एकेक तापमापक मुठीत धरून तिने आकडा चढताना पाहिला होता, की दोन आकडे दिसताच खूश होऊन उठली होती? कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. कम्प्युटरला विचारून उपयोग नव्हता. त्याला पोर्ट कळतो, त्यात जुळ्यांपैकी कोण बसलंय ते नाही.

उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी एका फ्रीजपुरती वीज गेली होती. माई पोचेपर्यंत दोन्ही फ्रीज पुन्हा गार. स्क्रीन म्हणाली डावा तापला होता, म्हणून डाव्यातल्या लसी फेकल्या आणि उजव्यातल्या पुढे आठवडाभर टोचल्या. त्या रांगेत कम्प्युटरवालीची धाकटी बहीण होती, कडेवर तान्ही. फोन करून तिनेच बोलावलं होतं दोघींना.

तिने डॉक्टरांना गाठलं, उन्हाळ्यातली सगळी मुलं परत बोलवा म्हणाली. त्यांनी चष्मा काढला. "अख्ख्या वस्तीच्या पोटात गोळा आणायचा, तर हातात काहीतरी हवं. आहे?"

तिच्याकडे काहीच नव्हतं. बहिणीचा फोन दोनदा वाजून थांबला, तिने उचलला नाही. रंगारी यायच्या आधी, त्या उन्हाळ्यात, 'उजवा' नावाच्या पोर्टात नक्की कुठल्या फ्रीजची वायर होती?