शेंडी नसलेला नारळ

वनमाले, तू हे वाचणार नाहीस, मला माहीत आहे. "तूच वाच गो, माजा चष्मा घरी हाय," म्हणशील. ठीक आहे, वाचूनच दाखवेन. मध्ये टोकू नकोस.

इतरांसाठी ओळख करून देते. तू मढची कोळीण, बोरिवलीत आमच्या सोसायटीखाली मासळीची पाटी घेऊन बसतेस. मी कॉलेजात जंतुशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे मला जंतू लगेच दिसतात, माणसं जरा उशिरा. पापलेटाचे कल्ले उचलून पाहिल्याशिवाय मी ते घेत नाही, आणि "नवऱ्याला पन येवढं तपासलं नसंल हिनं," असं तू भर गिऱ्हाइकांत ऐकवतेस.

माझ्या लेकीनं, नेत्रानं, माझ्या पंचाहत्तरीनिमित्त मुंबई-कोची क्रूझची दोन तिकिटं काढली. बरोबर येणारी मैत्रीण आयत्या वेळी आजारी पडली. मी तुला सहज विचारलं, तर तू पाटीवरून उठलीसच. तुमच्यात बायका मासेमारीला होडीवर जात नाहीत. सगळा जन्म समुद्राच्या जिवावर काढून तू खोल पाणी पाहिलंच नव्हतंस. तुझा भाऊ माणिक तिकडेच गेला, होडीसकट. दर नारळी पुनवेला तू किनाऱ्यावरून त्याच्या नावानं नारळ सोडतेस आणि लाट तो परत आणून टाकते. "येकदा त्याच्यापाशी पोचला पायजे," म्हणालीस.

जहाज मला फारच आवडलं. जेवणघराच्या दारात एक मुलगी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर फवारत उभी. तू हात हुंगलास. "हितं सगल्यांना येकच वास. बरं हाय, मना बगून कोन नाक मुरडनार नाय."

एवढ्यावर माझं समाधान होतंय थोडंच! केबिनमधला रिमोट, दाराची कडी, दिव्यांची बटणं, सगळं मी पुसून काढलं. मग तुझ्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर एक केसाळ, धुळकट नारळ दिसला. तू आंघोळीला गेली होतीस. मी शेंडी उपटली, नारळ साबणानं घासला, वर सॅनिटायझर चोळला आणि मोठ्या कौतुकानं तुझ्या उशीशी ठेवला.

तू बाहेर आलीस.

"बाय, याची शेंडी?"

"कचऱ्यात टाकली. सफाईवाला आत्ताच घेऊन गेला."

"बोडका नारल देऊ माज्या भावाला?"

देवाधर्माशी माझं कधी जमलं नाही, पण बिनशेंडीचा नारळ वाहत नाहीत, एवढं मलाही कळायला हवं होतं. मी घाईनं म्हटलं, "कोचीला उतरणार आहोत ना? केरळात नारळाला काय तोटा!"

हे वाक्य तू आता बाजारभर सांगत फिरतेस.

बंदरात उतरल्या उतरल्या आपल्याला बसमध्ये कोंबलं. खिडकीतून नारळ लगडलेले दिसत होते, बस काही थांबेना. थांबली ती थेट एका एसी दुकानापाशी. आत नारळाचं तेल, नारळाचा साबण, नारळाचे चिप्स, करवंटीची माकडं. नारळ नाही! मी काथ्याचं पायपुसणं उचलून म्हटलं, "ही बघ, शेंड्या सगळ्या इथे आल्यात." तू हसली नाहीस. मी रस्त्यावर सटकले, तर हाती लागलं शहाळं, आणि मागून गाइड बोंबलत आला, "बस सुटतेय, मॅडम!" बंदर पाहून झालं.

परतीच्या वाटेवर तू कठडा धरून उभी राहिलीस, आणि शेजारी मी, हातात सॅनिटायझरची बाटली.

"दादा," तू पाण्याला म्हणालीस, "नारल ऱ्हायला. ही बाय लय शिकलेली हाय."

मग आपलं ठरलं. होडी तुझ्या भाच्याची, प्रांजलची; नारळ माझा. खोल पाण्यात जाऊन सोडून यायचा. तो होडी घेऊन कधीचा तयार आहे. गेल्या आठवड्यात मी एकदाची वाण्याकडे गेले आणि नारळ कानाशी वाजवून निवडला.

"साफ करून देऊ, आजी?"

"हो, अगदी स्वच्छ कर रे," मी म्हटलं.

पिशवी ओट्यावर रिकामी केली तेव्हा लक्षात आलं. चटणी झकास झाली. मढला जायचं तेवढं राहिलंय.