पाताळगंगेकाठचा धक्का

कर्जतहून चौकमार्गे एसटीनं मी रसायनीकडे निघाले, ती पाताळगंगेवरचा जुना दगडी धक्का पाहायला. भरतीच्या पाण्याबरोबर पडाव (मालवाहू शिडाची होडी) खाडीतून इथवर येतात, हे ऐकून होते. रसायनी जवळ आली तशा वाटेत नव्या कारखान्यांच्या भिंती उठताना दिसू लागल्या.

नदीकाठच्या गावात ओळखीच्या पार्वतीबाईंकडे उतरले. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं (वाळवलेल्या जवळ्याचं) कालवण वाढलं. त्यांचा थोरला भाऊ तुकाराम तांडेल त्याच दुपारी पडावातून कौलं घेऊन येणार होता.

"चला, भरती लागली असंल," म्हणत त्या मला नदीवर घेऊन गेल्या.

काठावर पोचलो आणि दोघी थिजलोच. निम्मा धक्का नाहीसा झाला होता. मजूर पहारींनी घडीव दगड उचकटून थेट डोहात लोटत होते.

"अवो, हितंच तर खोल पानी हाय! पडाव लावायचं कुठं?" पार्वतीबाई ओरडल्या.

"डोह बुजवून कारखान्याचा बांध होतोय, बाई. आता माल ट्रकनं येतो," मुकादम म्हणाला.

तेवढ्यात वळणावर शीड दिसलं. आम्ही हाका मारल्या, पदर हलवले. तुकारामनं हसून हात वर केला. बहीण घ्यायला आली, असं त्याला वाटलं असावं. पुढच्या क्षणी पडाव पाण्याखालच्या दगडांवर आदळला. फळ्या फुटल्याचा तो आवाज! कौलं घसरली, पडाव कलंडला आणि तुकाराम दिसेनासा झाला.

पहारी टाकून मजुरांनीच उड्या घेतल्या. त्याला वर काढलं, तेव्हा त्याचा पाय मोडून लोंबत होता.

"दादा, बोल रं," पार्वतीबाई त्याचं तोंड पुसत होत्या.

"हितं दगड कुठनं आलं गं?" त्यानं विचारलं.

मग एक मजूर मुकादमाला म्हणाला, "आमी आता एक दगड टाकनार नाय." दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळं गाव त्यांच्यासोबत डोहात उतरलं आणि दगड बाहेर ओढू लागलं. कारखान्याचे साहेब आले, बराच वाद झाला. अखेर उरलेला धक्का आणि डोह तसाच ठेवून बांध वरच्या अंगाला घालायचं ठरलं.

निघण्यापूर्वी ही बातमी मी तुकारामला सांगितली. पायाला बांबूच्या खपच्या बांधून तो ओटीवर पडला होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "पर मी काय आता तिथं पडाव लावनार नाय."

परतताना गाडीत शेजारी बसलेल्या बाईला मी कशासाठी आले होते ते सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, धक्का पाहिलात का? पाहिला, म्हणाले. धक्का वाचला, हेही सांगायचं होतं; पण ते वाक्य काही केल्या ओठांवर येईना.