खोबरेल लावलेला गज

बेसा भागातल्या एका शाळेच्या स्टोअररूममध्ये संगीत शिकवणाऱ्या मायाताई नगराळे हातात गज धरून उभ्या होत्या, आणि गजावरून तेल ओघळून त्यांच्या मनगटापर्यंत आलं होतं.

डबल बासचा, म्हणजे उभं राहून वाजवायच्या थोरल्या व्हायोलिनचा, गज तो. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. त्यांना राळ घासायची, मग ते तारेला धरतात, मग आवाज निघतो. तेल लागलं की गज तारेवरून नुसता घसरतो. पुरुषभर उंचीचं वाद्य, आणि हूं की चूं नाही.

"कोणं केलं हे?"

शाळेत झाडलोट करणारी मावशी, प्रेमलता, शाबासकी घ्यायला यावं तशी पुढे आली. "मीनं लावलं बाई. केस कसे राठ झाले होते, पांढरी पूड झडून राहिली होती. म्हटलं गॅदरिंग आहे, जरासं खोबरेल लावू. चांगलं दिसून राहिलं ना?"

"तुह्या डोक्यावर लावायचं होतं ते! मले विचारलं काहून नाही वं?"

प्रेमलताचं तोंड एवढंसं झालं. त्याच संध्याकाळी पाच वाजता मेघाचं वादन होतं. नववीतली मेघा. सहा वर्षांत बासपाशी टिकलेलं हे एकच मूल. बाकीची पोरं गिटार दिसली की पळाली. हिच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले, तरी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ही खर्जाची तार घासत बसायची. तीन मिनिटांची रचना, तीन महिन्यांची मेहनत. एकदा तरी पोरीचा आवाज लोकांच्या कानावर पडावा, एवढंच मायाताईंचं मागणं.

मुख्याध्यापिका रितिका मॅडमना बातमी कळली, तेव्हा त्या रांगोळीवाल्यांशी बोलत होत्या. "मग टेन्शन काय आहे? रेकॉर्डिंग लावून देऊ. मेघा नुसता हात फिरवेल. इतकं मोठं वाद्य स्टेजवर उभं आहे हेच किती भारी दिसतं! कोणाला काय समजतं, मायाताई?"

मायाताईंची कानशिलं तापली.

हेच वाक्य त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षी ऐकलं होतं. वडील, गोपाळराव, कोराडीच्या वीज केंद्रात कामाला. कामठीचा एक जुना क्लब बंद पडला तेव्हा हा बास त्यांनी उचलून आणला. सिटी बसच्या कंडक्टरने वाद्याचंही तिकीट फाडलं, म्हणाला, "काका, हे पोट तुमच्यापेक्षा जास्त जागा घेऊन राहिलं." कॉलनीतल्या ऑर्केस्ट्रात ते अकरा वर्षं मागच्या रांगेत उभे राहिले. मग कीबोर्ड आला. मालक म्हणाला, "गोपाळराव, याच्यात बासचं बटन आहे. कोणाले काय समजते?" त्या दिवशी वडिलांनी घरी येऊन बासवर चादर टाकली. चादर काढली ती मायाने. पुढे जयंतीच्या कार्यक्रमांतून तिने भीमगीतांना बोटांनी बास धरला, तीस वर्षं. "बाई कुठं आहे, नुसता लाकडाचा डब्बा दिसून राहिला," असं मंडपातून ओरडायचे लोक. ती वाजवतच राहायची. पण गाणं संपल्यावर म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून म्हणायची, "पोरी, इथं लागलं." समजत नाही म्हणे!

"मॅडम," मायाताई म्हणाल्या, "पोरगी वाजवेल. गज नसला तर बोटांनी वाजवेल."

"प्लीज, रिस्क नको. चीफ गेस्ट आहेत. साउंडवाल्याला मी सांगितलंय." आणि मॅडम निघूनही गेल्या.

मायाताईंनी मेघाला वर्गात नेलं. पोरगी रडायच्या बेतात होती. "ताई, मी गजावरच बसवलंय सगळं."

"डोळे पूस. स्वर तेच, जागा त्याच. लांबवता येणार नाही, तर मधे थांब. थांबायले घाबरू नको." त्यांनी एक हात बासच्या पाठीवर ठेवला आणि मेघाकडून पहिली ओळ वीस वेळा छेडून घेतली.

पाच वाजता मेघा स्टेजवर गेली. हातात गज नाही हे पाहून पहिल्या रांगेतल्या रितिका मॅडमनी साउंडवाल्याला खूण केली. स्पीकरमधून रेकॉर्डिंग सुरू झालं, गुळगुळीत, कुठल्या तरी परक्या माणसाचं. मेघा तशीच उभी. मायाताई विंगेतून तरातरा निघाल्या. आज नोकरी गेली तरी चालेल, ती वायर हाताने उपटायची.

पण त्या पोचायच्या आधीच आवाज बंद पडला. साउंडवाला खाली वाकून विजेचा बोर्ड शोधत होता, आणि बोर्डापाशी प्रेमलता खराटा घेऊन उभी होती.

"अहो मावशी, प्लग काढला का तुम्ही?"

"झाडून राहिली मी. लागला असन पाय."

"प्रोग्राममधे झाडता?"

"मंग? कचरा झाला तवाच झाडतेत ना गा!" प्रेमलता प्लगवरून हलली नाही.

स्पीकरच नाही म्हटल्यावर पटांगण आपोआप गप्प झालं. मेघाने खर्जाची तार छेडली. आवाज मोठा नव्हताच, पण स्टेजच्या फळ्यांतून उतरून पहिल्या रांगेच्या पायांखाली पोचला. एकदा ती चुकली, थांबली, परत तिथूनच धरलं. मागच्या रांगेतले रिक्षावाले काका उभे राहून पाहू लागले. तीन मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही.

टाळ्या संपल्यावर रितिका मॅडम हसत आल्या. "छानच झालं हो! पुढच्या वर्षी मात्र रेकॉर्डिंगवरच करू, सेफ असतं."

मायाताईंनी वडिलांच्या बासला खोळ चढवली आणि छोटा टेम्पो बोलावला. "बास आता माझ्या घरी राहील," त्या मेघाला म्हणाल्या. "शिकायचं तर रविवारी तिकडं ये."

बास चढवायला प्रेमलताने खालून हात लावला. "बाई, राग गेला ना?"

"नाही गेला. गजाचे केस बदलायले आता कलकत्त्याले पाठवा लागते." मायाताई टेम्पोत बसल्या, मग बाहेर डोकावल्या. "गज परत आला का रविवारी तूबी ये. राळ कशी लावतेत ते दाखवतो तुले. अन् तेलाची शिशी घरी ठेवून येजो."